परराज्यातली टर्की शिकार, बेताच्या खर्चात

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. त्यामुळे शिकार म्हटले की मराठी वाचकाला संस्थानिकांचे वाडे आणि भिंतीवर टांगलेली शिंगे आठवतात. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे शाळामास्तर, ट्रकचालक, परिचारिका असे कोणीही परवाना काढून सरकारी जंगलात शिकारीला जाते, आणि त्या परवान्याच्या पैशांवर राज्याचे वन्यजीव खाते चालते. न्यू जर्सी, शिकागो, डॅलस या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतली दुसरी पिढी, कधी पहिलीसुद्धा, आता या वाटेला वळते. वसंतातली टर्की शिकार ही त्यातली चांगली सुरुवात. थंडी ओसरलेली असते, सामान थोडे लागते, आणि घरी आणलेले मांस एका कुटुंबाला दोन-चार जेवणांना पुरते.

स्वतःच्या राज्यात ही शिकार तशी स्वस्तच पडते. दुसऱ्या राज्यात जायचे ठरवले की परवान्याचे शुल्क वाढते, नियम बदलतात, मुलूख अनोळखी असतो. तरीही वाटाड्या न घेता, खासगी शेत भाड्याने न घेता, दोन-अडीचशे ते चारशे डॉलरमध्ये चार-पाच दिवसांची सहल बसवता येते. सामानात काटकसर करून ती स्वस्त होत नाही. राज्य कोणते, आठवडा कोणता आणि जंगल कोणते, या तीन निर्णयांवर खर्च ठरतो, आणि ते तिन्ही घरी बसून घ्यायचे असतात.

आधी पक्षी समजून घ्या

रानटी टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचाच पक्षी. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बहुतेक राज्यांतून नाहीसा होत आला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, पण ते टिकले नाहीत. १९५० च्या दशकात तोफेने उडवायच्या जाळ्यांनी रानातलेच कळप पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली आणि तिथून बाजू पालटली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर आणि परवान्यांचे शुल्क यांतून या कामाला पैसा मिळाला. १९७३ मध्ये नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झाले. आज अमेरिकेत सुमारे ६० लाख टर्की असल्याचे मानले जाते.

देशात या पक्ष्याच्या पाच उपजाती आहेत. पूर्वेकडच्या जंगलात ईस्टर्न, फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात ओसिओला, टेक्सस-ओक्लाहोमा-कॅन्ससच्या मैदानात रिओ ग्रांडे, पश्चिमेच्या पाइन डोंगरांत मेरियम्स आणि मेक्सिकोच्या सीमेलगत गोल्ड्स. पहिल्यांदा जाणाऱ्याने उपजातींच्या यादीमागे लागू नये. ओसिओला फ्लोरिडाबाहेर मिळत नाही आणि गोल्ड्सचे परवाने अगदी मोजके, म्हणून दोघेही महाग पडतात. घरापासून दिवसभरात गाडीने पोचता येईल अशा राज्यात जी उपजात असेल तीच आपली.

वसंतात शिकार फक्त नराची. काही राज्यांत कायद्याची भाषा ‘दाढी असलेला पक्षी’ अशी असते. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा राठ केसांसारखा पिसांचा झुबका. पहाटे नर रातथाऱ्याच्या झाडावरून आरोळी देतो, खाली उतरून पिसारा फुलवतो आणि माद्या त्याच्याकडे येतात. शिकारी मादीचा आवाज काढून नेमका उलटा प्रकार घडवायला बघतो, म्हणजे नराने तिच्याकडे यावे. या शिकारीतली सगळी गंमत आणि सगळी अडचण इथेच आहे.

जमीन कोणाची, परवानगी कशाची

अमेरिकेत सार्वजनिक जमिनीचे बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. राष्ट्रीय जंगले सुमारे १९.३ कोटी एकरांवर पसरली आहेत, आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, तीही बहुतांश पश्चिमेकडे. या दोन्हींवर राज्याचा परवाना असला की सामान्यतः शिकार करता येते. राज्यांची स्वतःची वन्यजीव क्षेत्रे असतात. पेनसिल्व्हेनियात त्यांना स्टेट गेम लँड्स म्हणतात आणि ती सुमारे १५ लाख एकर भरतात. राष्ट्रीय उद्यानांत मात्र जवळपास सगळीकडे शिकारीला मनाई आहे. जंगल आणि उद्यान नकाशावर शेजारी शेजारी असतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

चौथा प्रकार मैदानी राज्यांतला. कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटा ही राज्ये शेतकऱ्यांना मोबदला देऊन त्यांची खासगी जमीन पायी शिकारीसाठी खुली करून घेतात. कॅन्ससमध्ये अशी जमीन दहा लाख एकरांहून जास्त आहे. शिकाऱ्याला वेगळे काही द्यावे लागत नाही. हद्दीवर पाट्या असतात आणि राज्य दरवर्षी नकाशा छापते.

याउलट टेक्ससमध्ये पक्षी भरपूर, पण बहुतेक सगळी जमीन खासगी. तिथे शिकार म्हणजे शेतमालकाला पैसे मोजणे आलेच. म्हणून राज्य निवडताना पक्षी किती यापेक्षा पक्षी असलेली खुली जमीन किती, हे बघावे.

काही ठिकाणी राज्याच्या परवान्यावर आणखी एक कागद लागतो. व्हर्जिनियात राष्ट्रीय जंगलात शिकारीसाठी वेगळे परमिट घ्यावे लागते. केंटकी-टेनेसीच्या सीमेवर दोन जलाशयांमध्ये पसरलेल्या सुमारे १ लाख ७० हजार एकरांच्या लँड बिटवीन द लेक्सचे स्वतःचे परमिट आहे. रक्कम मोठी नसते, पण कागद जवळ नसला तर दंड होतो.

राज्याची निवड: सोडत की थेट परवाना

परराज्यातल्या शिकाऱ्याला परवाना दोन पद्धतींनी मिळतो. काही राज्यांत संकेतस्थळावर पैसे भरले की झाले. काही राज्यांत म्हाडाच्या घरांसारखी सोडत असते: हिवाळ्यात अर्ज भरायचा आणि नाव लागले तर जायचे. बेत नव्याने आखणाऱ्याने पहिल्या वर्षी थेट परवाना देणारे राज्यच धरावे. रजा, सोबती, गाडी हे सगळे सोडतीच्या निकालावर टांगून ठेवले की तयारी लांबत जाते आणि ऐन वेळी खर्च वाढतो.

जुन्या सल्ल्यावर विसंबूनही चालत नाही. गेल्या काही वर्षांत आग्नेय आणि मध्य-पश्चिम भागांतल्या अनेक राज्यांत टर्कीची संख्या घटली. त्यातच २०२० च्या वसंतात घरी अडकलेले पुष्कळ लोक जंगलात उतरले. पुढे राज्यांनी लगाम ओढला, आणि तो आधी बाहेरच्यांचा ओढला. कॅन्ससने २०२४ पासून परराज्यातल्या शिकाऱ्यांसाठी सोडत सुरू केली. नेब्रास्काने त्याच वर्षी बाहेरच्यांच्या वसंत परमिटांवर १०,००० ची मर्यादा घातली. ‘कधीही जा, परमिट मिळतेच’ अशी ज्यांची ख्याती होती, त्या राज्यांची ही गत. म्हणून चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडल्याशिवाय राज्य पक्के करू नये. ती राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

पहिल्या बेतासाठी तीन भाग विचारात घ्यावेत असे.

पेनसिल्व्हेनिया: न्यू जर्सी आणि न्यूयॉर्ककडच्यांना सर्वात सोयीचे. परराज्यातल्या प्रौढाचा साधा शिकार परवाना शंभर डॉलरच्या आसपास पडतो आणि वसंतातल्या एका दाढीवाल्या पक्ष्याचा टॅग त्यातच येतो. वायव्य भागातले अलेघेनी राष्ट्रीय जंगल सुमारे ५ लाख एकरांचे आहे, शिवाय स्टेट गेम लँड्स आहेतच.

मिझुरी: शिकागो आणि सेंट लुइसकडच्यांसाठी. राज्याच्या दक्षिण अर्ध्या भागात विखुरलेले मार्क ट्वेन राष्ट्रीय जंगल सुमारे १५ लाख एकर आहे. हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होऊन तीन आठवडे चालतो. बाहेरच्यांचे परमिट दोनशे डॉलरच्या पुढे जाते, पण मुलूख ओझार्क डोंगरांचा आणि टर्कीसाठी नावाजलेला.

साउथ डकोटाचे ब्लॅक हिल्स: सुमारे १२ लाख एकरांचे राष्ट्रीय जंगल. इथले मेरियम्स पक्षी मूळचे इथले नाहीत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे न्यू मेक्सिको व कोलोरॅडोतून आणून सोडलेले आहेत. पाइनचे मोकळे रान असल्याने दूरवर दिसते. अंतर मात्र लांब, म्हणून दोघे-तिघे मिळून गाडी केली तरच परवडते.

कोणता आठवडा धरावा

टर्कीचा हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. दक्षिण फ्लोरिडात मार्चच्या सुरुवातीला, मिझुरीत एप्रिलच्या उत्तरार्धात, पेनसिल्व्हेनियात १ मेच्या जवळच्या शनिवारी, तर न्यूयॉर्क राज्याच्या बहुतेक भागात १ ते ३१ मे.

सार्वजनिक जमिनीवर पहिल्या आठवड्याचा मोह टाळावा. तेव्हा प्रत्येक पार्किंगमध्ये गाड्या असतात, आणि त्यांत स्थानिक लोक असतात ज्यांना डोंगराची प्रत्येक सोंड पाठ असते. नरांभोवती माद्याही असतात, त्यामुळे शिकाऱ्याच्या हाकेकडे तो ढुंकून बघत नाही. दोन-तीन आठवड्यांनी माद्या अंड्यांवर बसतात. एका घरट्यात साधारण १० ते १२ अंडी आणि उबवायला २८ दिवस. नर एकटा पडतो आणि सकाळी नऊनंतरही हाकेला ओ देतो. गर्दी ओसरलेली असते. पानोळा दाट झाल्यामुळे दूरचे दिसत नाही आणि गोचिडी वाढलेल्या असतात, हे उशिरा जाण्याचे तोटे. तरीही नवख्याला उशिराचा आठवडाच फळतो. त्यातही सोमवार ते गुरुवार.

वेळेचे नियमही राज्यागणिक वेगळे. मिझुरीत सार्वजनिक जमिनीवर शिकार दुपारी एक वाजता थांबते. पेनसिल्व्हेनियात हंगामाच्या पहिल्या भागात दुपारी बारापर्यंतच, पुढच्या भागात दिवसभर. जॉर्जियात सार्वजनिक जमीन खासगीपेक्षा एक आठवडा उशिरा उघडते. रजा टाकण्याआधी हे पाहिले नाही तर अर्धे दिवस फुकट जातात.

कागदपत्रे

हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र हा पहिला कागद. ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्यांना ते बहुतेक राज्यांत सक्तीचे आहे. मिझुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागते, कोलोरॅडोत ही तारीख १ जानेवारी १९४९. एका राज्यात केलेला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दुसऱ्या राज्यात चालतो, म्हणून तो घराजवळ हिवाळ्यातच उरकावा. अनेक राज्यांत प्रमाणपत्राविना, अनुभवी शिकाऱ्यासोबत जाण्यासाठी उमेदवारी परवानाही मिळतो.

व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध, मुदत न संपलेला शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. याचा अर्थ आधी परवाना, मग बंदुकीला हात. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सहलीपेक्षा व्हिसा मोलाचा. केंद्रीय कायद्यावर राज्याचे कायदेही असतात. न्यू जर्सीत बंदूक विकत घ्यायला फायरआर्म्स आयडी कार्ड लागते. धनुष्यबाण हा दुसरा मार्ग आहे. केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत तो बंदुकीत मोडत नाही, पण शिकायला वेळ जास्त लागतो.

राज्याच्या सीमा ओलांडताना बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत, हाताशी नसेल अशी, डिकीत ठेवावी. विमानाने जायचे तर कुलूप लावलेली टणक पेटी चेक-इन सामानात द्यायची आणि काउंटरवर तसे सांगायचे. पेटीचे जादा शुल्क आणि उतरल्यावर भाड्याची गाडी धरली तर विमानप्रवास बेताच्या बजेटमध्ये सहसा बसत नाही.

खर्चाचा ताळा

एक उदाहरण मांडून पाहू. तिघे मित्र न्यू जर्सीतल्या एडिसनहून अलेघेनीच्या जंगलात चार दिवस जातात. जाऊन-येऊन सुमारे ६०० मैल, तिथले हिंडणे १५० मैल. गाडी गॅलनला २५ मैल देत असेल तर ३० गॅलन पेट्रोल, साडेतीन डॉलर भावाने १०५ डॉलर, म्हणजे माणशी ३५. परवाना माणशी १०५ धरू. जेवणखाण घरून नेले तर माणशी ५५. काडतुसे, बर्फ, गॅसची नळकांडी मिळून ५०. मुक्काम तंबूत, जंगलात, फुकट. एकूण माणशी २५० डॉलरच्या आत-बाहेर.

हीच सहल शिकागोहून मिझुरीला केली तर परमिटाचे शंभर-दीडशे डॉलर वाढतील आणि साधारण १,००० मैलांचे पेट्रोल लागेल. तरी आकडा चारशेच्या आसपासच राहतो. वाटाड्यासह खासगी शेतावरची शिकार बहुधा हजार डॉलरच्या पुढेच सुरू होते.

या ताळ्यात परवाना आणि पेट्रोल यांना पर्याय नाही. परवाना प्रत्येकाला स्वतःचाच घ्यावा लागतो, पेट्रोल मात्र वाटून घेता येते. म्हणून दुसरा-तिसरा सोबती ही सर्वात मोठी बचत. त्याच्यामुळे मुक्काम, स्वयंपाक आणि अडीअडचण यांचीही सोय होते.

नकाशावरची पाहणी

अनोळखी रानात जाणाऱ्याचे निम्मे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. ऑनएक्स, हंटस्टँड यांसारख्या ॲपवर जमिनीच्या मालकीच्या सीमा दिसतात. एका राज्याचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले तरी पुरते. राष्ट्रीय जंगलांचे वाहनमार्गाचे नकाशे वनसेवा फुकट देते; कोणता रस्ता गाडीला खुला आणि कोणता फाटकाने बंद, हे त्यावर कळते. फाटकाने बंद असलेला जुना लाकूडरस्ता ही सर्वात उपयोगी खूण. गाडी थांबते तिथे बहुतेकांची शिकारही थांबते. मैलभर पायी गेले की रान निवांत होते.

उपग्रहचित्रात तीन गोष्टी शोधाव्यात. मोठ्या झाडांचा उतार आणि जवळ पाणी, हा रातथारा. गवताचे मोकळे तुकडे, अलीकडे आग लावून किंवा तोडून मोकळे केलेले रान, ही चरण्याची आणि पिसारा फुलवण्याची जागा. आणि या दोहोंना जोडणारी डोंगराची सोंड किंवा खिंड, ही ये-जा करायची वाट. अशी एक जागा पुरत नाही. सहा-सात जागा क्रमाने लिहून ठेवाव्यात, कारण पहिल्या दोन ठिकाणी आधीच गाडी उभी असणार हे गृहीत धरायचे. आधी आलेल्याचा मान राखून पुढे सरकावे.

जंगलखात्याच्या स्थानिक कार्यालयाला आणि राज्याच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करायला संकोचू नये. ‘पक्षी कुठे आहेत’ असे न विचारता ‘गेल्या दोन वर्षांत नियंत्रित आग कुठे लावली’, ‘पुलाचे काम चालू असल्याने कोणता रस्ता बंद आहे’ असे नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते. हद्दीच्या खुणाही शिकून घ्याव्यात. मिझुरीसह अनेक राज्यांत झाडाच्या खोडावर जांभळ्या रंगाचा पट्टा म्हणजे खासगी जमीन, प्रवेश बंद. पाटी असो वा नसो, त्या पट्ट्याला कायद्याचे बळ आहे.

मुक्काम आणि जेवण

राष्ट्रीय जंगलात ठरवून दिलेल्या तळांबाहेरही बहुतेक ठिकाणी तंबू टाकता येतो. साधारण १४ दिवसांपर्यंत पैसे पडत नाहीत. पाण्यापासून आणि वाटेपासून अंतर राखणे, कचरा परत नेणे आणि आगीबाबतचे स्थानिक आदेश पाळणे एवढीच अपेक्षा. जिथे काळी अस्वले आहेत तिथे खाणे गाडीत बंद ठेवावे. राज्यांच्या वन्यजीव क्षेत्रांत मात्र मुक्कामाला अनेकदा बंदी असते, म्हणून खात्री करून घ्यावी.

पहाटे चारला उठायचे असल्याने चुलीचा पसारा नको. दशम्या, थालीपीठ, मेतकूट-भात, सुके पोहे, चिवडा, लसणाची चटणी यांवर मराठी माणूस चार दिवस आनंदाने काढतो आणि हॉटेलांचे बिल वाचते. पाणी मात्र भरपूर न्यावे. मधल्या एखाद्या दिवशी पाऊस झोडपू लागला तर जवळच्या गावात एक रात्र स्वस्त मोटेल घ्यायचे पैसे वेगळे बाजूला ठेवावेत. ओले कपडे आणि अर्धवट झोप यांनी पुढचे दोन दिवस वाया जातात.

सामान: काय हवे, काय नको

घरात असलेली कोणतीही बारा किंवा वीस बोअरची बंदूक चालते. बहुतेक राज्यांत वसंतात छर्ऱ्याची बंदूक आणि धनुष्य यांनाच परवानगी असते. चार, पाच किंवा सहा नंबरचे शिशाचे छर्रे पुरतात. टंगस्टनचे महागडे छर्रे लांबवर मारा करतात, पण चाळीस यार्डांच्या आत पक्षी बोलावता आला तर त्यांची गरज नाही. काही ठिकाणी शिशाला बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर सर्वच शिकारीसाठी. निघण्यापूर्वी कागदावर दोन-तीन गोळ्या झाडून छर्रे कुठे पसरतात ते बघणे मात्र चुकवू नये.

हाकेसाठी पाटीवर काडी घासून वाजवायचे स्लेट कॉल आणि लाकडी पेटीचे बॉक्स कॉल नवख्याला सोपे, स्वस्त आणि टिकाऊ. तोंडात धरायचा पडदा शिकायला महिने जातात. घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढणारी शिट्टी नर शोधायला उपयोगी पडते.

कपडे रानाच्या रंगाचे, चेहरा आणि हात झाकलेले. टर्कीची नजर तीक्ष्ण असते. हालचाल ती लगेच टिपते. बसायला जाड गादी घ्यावी, कारण तासभर न हलता बसणे हीच या शिकारीतली खरी कसोटी. तंबूसारखे लपण, बॅटरीवर हलणारी नकली टर्की, नवी बंदूक, नवे बूट यांवर पहिल्या वर्षी खर्च करू नये. बूट घरातले, पायाला सरावलेले.

रानातला दिवस

शिकारीच्या आदल्या दुपारी पोचावे. संध्याकाळी उंच सोंडेवर उभे राहून घुबडाची हाक द्यावी. रातथाऱ्यावर बसलेला नर कित्येकदा आरोळीने उत्तर देतो. जागा नकाशावर टिपून परत यावे.

पहाटे उजाडण्याच्या तासभर आधी, त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर, खांद्याहून रुंद खोडाला पाठ टेकून बसावे. पहिली हाक हळू आणि थोडी. नराने उत्तर दिले की बोलणे आवरावे. नवख्यांची निम्मी शिकार अति वाजवण्याने जाते. नर माद्यांबरोबर निघून गेला तर खचून जाऊ नये. नऊच्या सुमारास बरेच लोक नाश्त्याला परततात. त्यानंतर जुन्या लाकूडरस्त्याने सावकाश चालत, दोन-तीनशे यार्डांवर थांबून हाक द्यावी. आधी बसायची जागा हेरावी, मग हाक द्यावी. उत्तर साठ यार्डांवरून आले तर उभ्या माणसाला लपायला वेळ मिळत नाही.

सुरक्षितता

टर्कीच्या शिकारीत माणसाला मोठा धोका दुसऱ्या शिकाऱ्याचा असतो, कारण सगळेच लपलेले आणि सगळेच मादीचा आवाज काढणारे. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा रंग असतो; हे रंग कपड्यांत, मोज्यांत, रुमालातही नकोत. आरोळीच्या दिशेने सरपटत जाऊ नये. पेनसिल्व्हेनियात वसंतात फक्त हाकेने बोलावूनच शिकार करता येते, पाठलाग बेकायदा आहे. पक्ष्याचा फुललेला पिसारा हातात धरून पुढे सरकण्याची पद्धत सार्वजनिक जमिनीवर जिवावर बेतू शकते. दुसरा माणूस दिसला तर हात न हलवता मोठ्याने बोलावे. मारलेला पक्षी नेताना नारिंगी कापडात गुंडाळावा. पक्षी पूर्ण दिसल्याशिवाय, दाढी ओळखू आल्याशिवाय आणि मागे काय आहे हे कळल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

गोचिडीला हलके घेऊ नये. पूर्वेत लाइम रोग, तर मिझुरी आणि दक्षिणेकडे लोन स्टार जातीच्या गोचिडीच्या चाव्याने अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी होते, ज्यात माणसाला मटण, गोमांस यांसारखे सस्तन प्राण्यांचे मांस सोसत नाही. कपड्यांना परमेथ्रिन आधीच फवारून वाळवावे, पँट मोज्यात खोचावी आणि रोज रात्री अंग तपासावे.

पक्षी मिळाल्यावर

पक्षी हाती येताच टॅग भरायचा, जागेवरून हलवण्याआधी. नंतर राज्याला कळवायचे: मिझुरीत त्याच दिवशी रात्री दहापर्यंत, पेनसिल्व्हेनियात दहा दिवसांत. नर असल्याचा पुरावा, म्हणजे दाढी किंवा डोके, सोबत ठेवण्याची अट असेल तर सगळे सोलून टाकू नये. बेकायदा मारलेला प्राणी राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर १९०० च्या लेसी कायद्याने तो केंद्रीय गुन्हा होतो. म्हणूनच परराज्यातल्या शिकाऱ्याने कागदात कसूर करू नये. रानातले मांस विकता येत नाही, घरात खाता येते.

पूर्ण वाढलेला नर साधारण १६ ते २४ पौंडांचा. छातीचे मांस मऊ, ते पातळ कापून तव्यावर परतले तरी छान होते. तंगड्या चिवट, त्यांत कडक शिरा असतात; बरेच लोक त्या टाकून देतात. मंद आचेवर तीन तास शिजवून हाडावरून सोडवल्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात घातल्या तर तांबड्या रश्शाला उत्तम. मांस लगेच बर्फाच्या पेटीत, वितळलेल्या पाण्यात भिजणार नाही असे ठेवावे.

बेत कोणासाठी

सार्वजनिक जमिनीवर, परक्या राज्यात, पहिल्याच वर्षी पक्षी मिळण्याची आशा थोडीच असते. कित्येक अनुभवी शिकारीही रिकाम्या हाताने परततात. हमी हवी असेल त्याने वाटाड्याला पैसे द्यावेत. पण ज्याला रान शिकायचे आहे त्याने एकच राज्य, एकच जंगल धरावे आणि सलग दोन-तीन वर्षे तिथेच जावे. पहिल्या वर्षी काढलेले नकाशे आणि ओळखीच्या झालेल्या सोंडा दुसऱ्या वर्षी फुकट कामी येतात, आणि ही सहल खऱ्या अर्थाने स्वस्त होते ती तेव्हाच. जानेवारीत नियमपुस्तिका वाचा, फेब्रुवारीत परवान्याची सोय पक्की करा, मार्चमध्ये हाक वाजवायचा सराव करा. आणि परवाना नेहमी राज्य सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या; दलाल संकेतस्थळे त्याच कागदाचे जास्त पैसे घेतात.